धागा: साधं बी.एड. अधिक ऑनलाइन कोर्स, की थेट बी.एड. विशेष शिक्षण (ऑटिझम)?

पाटीपेन्सिल
बी.कॉम. झालेल्या एका मुलीला ऑटिस्टिक मुलांना शिकवायचं आहे. घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, साधं बी.एड. करून ठेव, ते सगळीकडे चालतं, वर सहा महिन्यांचा ऑनलाइन ऑटिझम कोर्स जोड. दुसऱ्याचं म्हणणं, दोन वर्षं घालवायचीच आहेत तर विशेष शिक्षणाच्या बी.एड.मध्ये घाल. जाणकारांनी सांगावं, कागदावर फरक काय पडतो आणि वर्गात उभं राहिल्यावर काय पडतो. 'आवड असेल तर काहीही कर' असं कृपया लिहू नये, ते तिची आजी रोज सांगते.

तिसरा_बाक
आवड असेल तर काहीही कर.
– आजी

खडूफळा
आजींना नमस्कार. आता कागदाचं.

भारतात विशेष शिक्षकाची पदवी भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, अखत्यारीत येते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद वैधानिक झाली. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केला की केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागतं आणि सीआरआर क्रमांक मिळतो. विशेष शाळा, सरकारी भरती, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतली कंत्राटी पदं, सगळीकडे आधी हाच क्रमांक विचारतात. नोंदणी नसताना विशेष शिक्षक म्हणून काम केलं तर कायद्याच्या कलम १३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा १९९२ चा आहे, हसू नका.

सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्रावर सोन्याचा शिक्का असला तरी सीआरआर क्रमांक मिळत नाही. साध्या बी.एड.वरही नाही. त्या जोडगोळीवर ती रेग्युलर शाळेत शिक्षिका होईल, आणि वर्गात ऑटिस्टिक मूल आलं तर इतरांपेक्षा बरं समजून घेईल. ते मोलाचं आहेच, पण ती विशेष शिक्षिका नव्हे.

घाटमाथा
प्रवेशाचं लिहितो. महाराष्ट्रात जनरल आणि स्पेशल बी.एड.ची सीईटी एकच. १०० प्रश्न, ९० मिनिटं. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. बी.कॉम. चालतं.

खरी गफलत पुढे होते. 'बी.एड. स्पेशल' हे एकच नाव वाचून मुली फी भरतात. या पदवीला विशेषज्ञता असते: ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, बहुविकलांगता. प्रत्येक कॉलेजला यातल्या एखाद-दुसऱ्याचीच मान्यता असते. तेव्हा आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत कॉलेजच्या नावासमोर तीन गोष्टी बघा: विशेषज्ञता कोणती, जागा किती, आणि मान्यता कोणत्या सालापर्यंत. मान्यतेला मुदत असते. माहितीपुस्तिकेत छापलेलं मागच्या खेपेचं असू शकतं.

कोकणी_काजू
पण ऑटिझमची विशेषज्ञता देणारी कॉलेजं आहेतच किती? श्रवणदोष आणि बौद्धिक अक्षमता यांच्या मानाने फार थोडी. ऑटिझमचाच हट्ट धरला तर ती घर सोडून दुसऱ्या राज्यात जाणार. बौद्धिक अक्षमतेचं बी.एड. जवळ मिळत असेल तर तेच का नको? तशाही आपल्याकडच्या बहुतेक ऑटिस्टिक मुलांच्या शाळेच्या पाटीवर 'मतिमंद विद्यालय' असंच असतं.

खडूफळा
@कोकणी_काजू, मुद्दा रास्त. जाहिरातींतही पुष्कळदा दोन्ही विशेषज्ञता चालतात. फक्त नोंदवहीत विशेषज्ञतेची नोंद राहते, त्यामुळे ज्या जाहिरातीत केवळ ऑटिझम लिहिलं असेल तिथे अडतं.

अभ्यासक्रमाची रचना सगळ्या शाखांना सारखी आहे, सहा भागांची. अ भागात बालविकास, शिक्षणाचं तत्त्वज्ञान, अध्यापनपद्धती. ब भागात सर्वसमावेशक शिक्षण आणि बाकीच्या अपंगत्वांची ओळख. क भाग विशेषज्ञतेचा: मूल्यमापन, अभ्यासक्रमाची आखणी आणि बदल, अध्यापनाच्या पद्धती, तंत्रज्ञान, कुटुंब. ड मध्ये वाचन, नाट्य आणि कला, संशोधन. ई आणि फ म्हणजे प्रात्यक्षिक आणि शाळेतली इंटर्नशिप. दोन शाखांमधला फरक क, ई आणि फ मध्येच पडतो. आणि या पदवीत कस लागतो तोही तिथेच.

ब भागात ऐच्छिक विषयही असतात. वर्तन विश्लेषण आणि पर्यायी संवाद (न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रं, खुणा वगैरे) हे दोन त्यातच येतात. ऑटिझमवाल्याला दोन्ही हवेत. पण कॉलेज प्रत्यक्षात कोणते ऐच्छिक शिकवतं ते तिथल्या प्राध्यापकांवर ठरतं. प्रवेशाआधी हे विचारा. सहसा कोणी विचारत नाही.

वेल्क्रोबाई
आणि हेही विचारा: सरावाची शाळा कोणती? तिथे ऑटिझमचं निदान असलेली मुलं किती? एका वर्गात एका वेळी किती छात्रशिक्षिका सोडता? एका मुलाभोवती पाच जणी पाठ टाचण घेऊन उभ्या राहिल्या तर त्या मुलाची काय अवस्था होते ते सांगायला पदवी लागत नाही.

पाटीपेन्सिल यांनी वर्गातला फरक विचारला आहे. तो आयईपीत दिसतो. वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम म्हणजे एका मुलाचा वर्षभराचा आराखडा. ऑनलाइन कोर्समध्ये आयईपीची व्याख्या पाठ होते. पदवीत ती लिहावी लागते, त्याप्रमाणे शिकवावं लागतं, आणि मार्गदर्शक लाल पेनाने परत पाठवतात. पहिल्या खेपेला बहुतेक जणी उद्दिष्ट असं लिहितात:

'लक्ष देण्याचे प्रमाण वाढवणे.'

हे परत येतं, कारण मार्चमध्ये ते साध्य झालं की नाही हे कोण, कशावरून सांगणार? तेच पुढच्यासारखं लिहिलं की चालतं: 'टेबलावर पेला, चमचा आणि चेंडू ठेवलेले असताना, शिक्षिकेने "पेला दे" असे एकदा म्हटल्यावर, हाताची किंवा खुणेची मदत न घेता मूल पेला उचलून देईल, सलग तीन दिवस, पाचपैकी चार वेळा.' परिस्थिती, कृती, निकष. तिन्हीपैकी एक सुटलं की उद्दिष्ट लंगडं.

त्याआधी सद्यस्थिती लिहायची. त्यासाठी एफएसीपीसारखी तपासणी सूची असते. तिच्यात मूल स्वतःहून करतं, कधीमधी सुचवावं लागतं, तोंडी सांगावं लागतं की हात धरून करवून घ्यावं लागतं, याच्या वेगवेगळ्या खुणा करायच्या असतात. इथली नेहमीची चूक म्हणजे आईला विचारून भरणं. आई म्हणते 'येतं त्याला', आणि ते येणं म्हणजे आईने शर्ट डोक्यातून घातल्यावर तो खाली ओढतो एवढंच असतं. प्रत्यक्ष करवून बघा, मग खूण करा.

रात्रपाळी
निदानाचं पण शिकवतात का? आयसॅक का आयसा असं काहीतरी ऐकलंय.

वेल्क्रोबाई
आयसा. ऑटिझमसाठी बनवलेली भारतीय मापनश्रेणी. ४० बाबी, सहा क्षेत्रं, प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या वर तीव्र. प्रमाणपत्राची टक्केवारी यावरून ठरते. निदान आणि प्रमाणपत्र हे शिक्षिकेचं काम नाही, पण फाइलमधला तो कागद वाचता यायला हवा. समजा गुणांची बेरीज १२० आली, तर त्या बेरजेपेक्षा ते गुण कुठल्या क्षेत्रात साठलेत हे बघायचं. संवादात जास्त आणि संवेदनांमध्ये कमी असलेलं मूल आणि त्याच्या नेमकं उलट असलेलं मूल, दोघांचीही बेरीज १२० येऊ शकते. दोघांना एकच आयईपी चिकटवली तर दोघांचंही वर्ष वाया.

घाटमाथा
कार्य-विश्लेषणावर, म्हणजे एका कामाच्या लहान लहान पायऱ्या पाडण्यावर, पण लिहा कोणीतरी. इंटर्नशिपच्या वहीत सगळ्यांचं हात धुणं असतं आणि सगळ्यांचं सारखंच चुकतं.

शेवग्याची_शेंग
लिहिते. हात धुणे: बाही वर कर, नळ सोड, हात ओले कर, साबण घे, तळवे चोळ, मागची बाजू चोळ, हात धू, नळ बंद कर, हात पूस. नऊ पायऱ्या झाल्या. लहान मूल असेल तर यातल्या प्रत्येकीचे अजून दोन तुकडे पडतात.

पहिली चूक, टेबलावर बसून पायऱ्या लिहिणं. बेसिनपाशी जाऊन स्वतः हात धुवा आणि दुसरीला लिहायला सांगा, दोन पायऱ्या तरी वाढतात. दुसरी चूक, नेहमी पहिल्या पायरीपासून सुरुवात करणं. या मुलांना शेवटून शिकवणं बरेचदा सोपं जातं: आठ पायऱ्या आपण हात धरून करवायच्या आणि शेवटचं पुसणं त्याने एकट्याने करायचं. पुसलं की काम संपलं, लगेच पुढे डबा. आपण केलं आणि झालं, हे त्याला रोज मिळतं. मग नळ बंद करणं आणि पुसणं अशा दोन, मग तीन. तिसरी चूक मदतीची. हात धरून सुरुवात केली की ती मदत मनगटावर, मग कोपरावर, मग नुसत्या खुणेवर आणायची असते. आणली नाही तर मूल हात पुढे करून उभं राहतं, शिक्षिका येऊन हलवेल म्हणून.

तोंडाने 'आता साबण, आता चोळ, शाब्बास, आता…' हे तर सर्वांत वाईट. शब्दांची मदत काढून घेणं हाताच्या मदतीपेक्षा अवघड जातं. त्यापेक्षा बेसिनवर चित्रपट्टी लावा आणि पाठीमागून गप्प उभ्या राहा.

कोकणी_काजू
आणि शाळेत दाबायचा नळ, घरी बादली-तांब्या. पोर शाळेत नऊच्या नऊ पायऱ्या करतं आणि घरी मोरीत नुसतं उभं राहतं. आई म्हणते काही शिकवलं नाही.

शेवग्याची_शेंग
@कोकणी_काजू अगदी. म्हणून आयईपी लिहिण्याआधी घरची मोरी कशी आहे ते विचारायचं. तांब्याच असेल तर नळ सोडण्याऐवजी 'डाव्या हाताने तांब्या वाकव' ही पायरी, आणि ती दोन हातांची कसरत असल्यामुळे वेगळी शिकवावी लागते.

निळावंती
थोडं अवांतर. धाग्यात कोणीही 'स्वमग्न' हा शब्द वापरला नाही, हे बघून बरं वाटलं. स्वतःत मग्न म्हणजे जणू मूल हौसेने पाठ फिरवून बसलंय. सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत तो पक्का बसलाय, पण त्या शब्दामुळे पालक मुलाला 'त्याच्यातून बाहेर काढायला' बघतात.

तिसरा_बाक
'आत्ममग्न'पेक्षा बरा नाही का? माझं मत, शब्दाने काय फरक पडतो, फाइलवर काहीतरी लिहावंच लागतं.

निळावंती
फाइलवर 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर'च लिहायचं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांत तेच नाव आहे. मुलाशी आणि आईशी बोलताना ऑटिझम. झालं.

मराठीचा विषय निघालाच आहे तर एक कामाची गोष्ट. पुस्तकं इंग्रजीवरून लिहिलेली, त्यामुळे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं म्हटलं की सर्वनामांची अदलाबदल एवढंच शिकवतात. मुलाला पाणी हवं असतं तेव्हा ते 'तुला पाणी पाहिजे?' म्हणतं. मराठीत याच्या जोडीला क्रियापद येतं. आई बाई, शिक्षिका बाई, थेरपिस्ट बाई. मुलगा ऐकतो 'मी येते', 'मी देते', आणि तेच उचलतो. घरचे हसतात किंवा रागावतात. म्हणून नमुना देताना मुलाच्या तोंडचं वाक्य द्यायचं, 'मी जातो'. शिक्षिकेने ते स्वतःच्या तोंडून म्हणायचं, कितीही विचित्र वाटलं तरी. आणि त्याने 'मी जाते' म्हटलं तरी दार उघडायचं. संवाद झालाय, व्याकरण मागाहून.

पाटीपेन्सिल
वा! हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत नव्हतं. पण थेरपी सेंटरवाले तर घरी फक्त इंग्रजी बोला म्हणतात ना?

निळावंती
दोन भाषांमुळे ऑटिझम वाढतो याला आधार नाही. आजीला इंग्रजी येत नाही आणि आजीच दिवसभर घरात असते. मग मुलाशी बोलायला उरतं कोण?

रात्रपाळी
मी उलट बाजू मांडतो. एवढी पदवी कशाला? एबीएचा, म्हणजे वर्तन विश्लेषणाचा, ४० तासांचा आरबीटी कोर्स करायचा आणि सेंटरमध्ये लागायचं. कामाला लगेच सुरुवात.

खडूफळा
आरबीटी हे अमेरिकेतल्या मंडळाचं प्रमाणपत्र. त्या मंडळाने २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज बंद केले आहेत. ४० तासांचं प्रशिक्षण अजून विकलं जातं, पण त्याच्या शेवटी ते प्रमाणपत्र नसतं. शिवाय आरबीटी म्हणजे दुसऱ्याने आखलेला कार्यक्रम देखरेखीखाली राबवणारी व्यक्ती. आयईपी आखणं तिचं काम नाही.

वेल्क्रोबाई
तंत्र म्हणून एबीए शिकायलाच हवं. घटनेआधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, अशी तीन रकान्यांची नोंद पंधरा दिवस ठेवली की निम्म्या 'हट्टां'चं कारण सापडतं. प्रार्थनेच्या वेळी कानावर हात ठेवून ओरडणारं मूल प्रार्थना टाळतंय की भोंगा टाळतंय, ते नोंदीतून कळतं. वर्गातला स्पीकर बंद करून बघा, लगेच उत्तर मिळेल.

मात्र जुन्या पद्धतीची दोन उद्दिष्टं अजूनही लिहिली जातात आणि ती लिहू नयेत. एक, 'पाच सेकंद नजरेला नजर देईल'. अनेक ऑटिस्टिक मोठी माणसं सांगतात की नजर मिळवली की ऐकू येणं बंद होतं. दुसरं, 'हात हलवणे थांबवेल'. हात हलवण्याने कोणाला इजा होत नसेल तर तो आपला प्रश्न नाही.

घाटमाथा
@वेल्क्रोबाई नजरेचं पटलं नाही. मुलाखतीत, बँकेत, पोलिसासमोर नजर चुकवणाऱ्याला लोक चोर समजतात. शिकवायला नको?

वेल्क्रोबाई
मोठ्या मुलाला 'समोरच्याच्या कपाळाकडे बघितलं तरी चालतं' असं सांगता येतं, तेही त्याला हवं असेल तर. चार वर्षांच्या मुलाची हनुवटी धरून वर करणं ही वेगळी गोष्ट आहे. इथे थांबते, नाहीतर धागा हायजॅक होईल.

शेवग्याची_शेंग
झालाच आहे, तर पेक्सचं पण लिहिते. न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रांची देवाणघेवाण. बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली, सहा टप्प्यांची. इंटर्नशिपमध्ये पहिलाच टप्पा फसतो कारण त्याला मोठी माणसं दोन लागतात. एक समोर, मुलाला आवडती वस्तू घेऊन. दुसरी मागे, मुलाने वस्तूकडे हात नेला की त्याच हाताने चित्र उचलून समोरच्या हातात ठेवायला मदत करणारी. समोरचीने 'काय पाहिजे?' विचारायचं नाही. विचारलं की मूल विचारण्याची वाट बघायला शिकतं. चित्र हातात पडलं की लगेच वस्तू आणि वस्तूचं नाव. शाळेत माणूस एकच असतो, म्हणून समोरचीच मुलाचा हात ओढते, आणि पुढचे टप्पे कधी येत नाहीत. दुसरीला मिळवा. मावशींना दहा मिनिटं शिकवा, चालतं.

चौथ्या टप्प्यात वाक्यपट्टी येते. इंग्रजीत 'आय वाँट' एकत्र आणि पुढे चित्र. मराठीत भाषांतर करून 'मला पाहिजे' एका कार्डावर छापतात, आणि मूल बोलायला लागलं की 'मला पाहिजे बिस्कीट' म्हणतं. पट्टीवर डावीकडे 'मला', उजवीकडे 'पाहिजे' कायमचं चिकटवा आणि मधली जागा चित्राला मोकळी ठेवा. फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत बनलेलं जेलो हे फुकट अ‍ॅप मराठीत आहे.

वेल्क्रोबाई
आयडीला जागून एक परिच्छेद. चित्र आधी कापा, मग लॅमिनेट करा, आणि बाहेरून तीन-चार मिलिमीटर कड सोडून परत कापा. कड न सोडता कापलं की लाळ आत शिरते आणि आठवड्यात कार्ड उलतं. कोपरे गोल करा. चकचकीत पाऊचवर ट्यूबलाइट पडली की चित्र दिसत नाही, मॅट घ्या. वेल्क्रोची खरखरीत बाजू कार्डाला की फळीला, हे पूर्ण शाळेने एकदाच ठरवा. दोन वर्गांचे नियम वेगळे असले तर मूल वरच्या वर्गात गेल्यावर त्याची जुनी कार्डं नव्या फळीला चिकटत नाहीत, आणि त्या दिवशी वर्गात जे होतं त्याला नोंदवहीत 'वर्तन समस्या' म्हणतात.

सातासमुद्रापार
अमेरिकेतून. कोणी ही पदवी घेऊन इकडे यायचा विचार करत असेल तर परवाना राज्यागणिक वेगळा आहे. तिकडच्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि त्यात इंटर्नशिपचे तास किती, कोणत्या वयोगटात, हे विचारतात. कॉलेज सोडतानाच तासांचा तपशील लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या. नंतर मिळवणं म्हणजे हेलपाटे.

घाटमाथा
मूळ प्रश्नाकडे. नोकरीचं बोललं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रेग्युलर शाळांत विशेष शिक्षक नेमण्याबाबत निकाल दिला, आणि त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण ठरवलं: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा विद्यार्थ्यांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरामागे एक. पदभरती त्या वेगाने झालेली नाही, पण विशेष शिक्षकांची भरती निघते तेव्हा साध्या बी.एड.वाल्यांना अर्ज करता येत नाही. सहावी ते आठवीसाठीच्या सीटीईटीला, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेला, विशेष शिक्षणाचं बी.एड. चालतं, ती परीक्षा शिकता शिकताच देऊन ठेवावी.

आणि मुक्त विद्यापीठाचा अडीच वर्षांचा मार्ग विचारात घेतला तर तिथेही विशेषज्ञता आधी तपासा, आणि प्रात्यक्षिकाचं केंद्र घरापासून किती लांब ते बघा. दूरशिक्षणातही प्रात्यक्षिक घरी बसून होत नाही.

खडूफळा
एक राहिलं. सीआरआर नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलला लावा.

पाटीपेन्सिल
सर्वांचे आभार. घरात आता एकच तट उरलाय. यादीतली दोन कॉलेजं काढली आहेत, एक ऑटिझमचं पण लांब, एक बौद्धिक अक्षमतेचं पण बसने अर्ध्या तासावर. दोन्हींकडे फोन करून सरावाची शाळा आणि ऐच्छिक विषय विचारले. लांबच्यांनी लगेच सांगितलं. जवळच्यांनी 'आधी प्रवेश घ्या, मग सांगतो' म्हटलं.

वेल्क्रोबाई
मिळालं की उत्तर.

तिसरा_बाक
आजी काय म्हणतात?

पाटीपेन्सिल
हॉस्टेलला मेस कशी आहे ते विचारतेय.